रात्रीची चांदमारी

बंगळूरच्या कब्बन उद्यानात सर मार्क कब्बन यांचा अश्वारूढ पुतळा आहे. पूर्वी तो उच्च न्यायालयाच्या आवारात होता. २०२० मध्ये तो तेथून हलवून उद्यानात आणला. दुपारच्या सुट्टीत त्या बाजूने पाय मोकळे करावयास जाणाऱ्या आम्हां कचेरीतील मंडळींपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असेल की, या गृहस्थांच्या नावाशी केवळ एक उद्यान आणि एक रस्ता नव्हे, तर एका सबंध प्रदेशाच्या बंदुका बांधलेल्या आहेत. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील रयतेची हत्यारे काढून घेण्याचे कायदे केले. तेव्हा म्हैसूर आणि कूर्ग या दोन्ही मुलुखांचे कमिशनर असलेल्या कब्बनसाहेबांनी फेब्रुवारी १८६१ मध्ये कूर्गच्या कोडव लोकांना त्यातून वगळणारा हुकूम काढला. त्याच वर्षी ते विलायतेस निघाले आणि वाटेत सुएझ येथे वारले. साहेब गेले, हुकूम राहिला. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४१ व्या कलमाखाली केंद्र सरकारनेही ती सवलत पुढे चालविली. कोडव जमातीच्या माणसास आणि कोडगूतील जम्मा वतनाच्या जमीनधारकास बंदुकीच्या परवान्याची सक्ती नाही. २०१९ मध्ये ही सवलत आणखी दहा वर्षांसाठी, म्हणजे ऑक्टोबर २०२९ पर्यंत, वाढविण्यात आली. तीस कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सवलत वैध ठरविली. ज्या तांबड्या इमारतीसमोर कब्बनसाहेब इतकी वर्षे घोड्यावर बसून होते, तेथेच हा निकाल झाला. साक्षीदाराने आपल्याच हुकुमाचा निकाल ऐकावयास हजर राहू नये, म्हणूनच की काय, त्यांना वर्षभर आधी बाहेर पाठविण्यात आले होते!

सरकारी नोकरीनिमित्त परमुलुखात राहणाऱ्या आपणां मंडळींना अशा सवलतींचे, अपवादांचे आणि परंतुकांचे विशेष वाटत नाही. दिवसभर आपण तेच करीत असतो. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत बंदूक, रात्र आणि खासगी जमीन या तीन गोष्टी माझ्यासमोर अशा रीतीने एकत्र आल्या की, त्यांचा विचार कचेरीच्या वेळेबाहेरही करणे मला भाग पडले.

पहिल्यांदा त्या एकत्र पाहिल्या त्या कोडगूतच. माझे एक कोडव स्नेही आहेत. त्यांनी पुत्तरीच्या सणाला घरी येण्याचे निमंत्रण दिले, आणि अडीचशे किलोमीटरांचा प्रवास करून मी त्यांच्या 'ऐनमने'त, म्हणजे कुळाच्या मूळ घरी, जाऊन पोहोचलो. पुत्तरी हा नव्या भाताचा सण. तो नोव्हेंबर-डिसेंबरात पौर्णिमेच्या सुमारास येतो. कापणीचा मुहूर्त कक्कबे येथील इग्गुतप्पाच्या देवळातून ठरून येतो, आणि तो रात्रीचा असतो. त्यांचा दुसरा मोठा सण कैलपोद, सप्टेंबराच्या आरंभी, भाताची लावणी उरकल्यानंतरचा. आपल्याकडील खंडेनवमीसारखी त्या दिवशी शस्त्रांची पूजा होते आणि बंदुकीला एक फूल वाहतात. त्या फुलाला ते 'तोक पू', म्हणजे बंदुकीचे फूल, म्हणतात. माझ्या स्नेह्यांनी त्याचे छायाचित्र दाखविले तेव्हा मला हसू आवरेना. पिवळ्या-तांबड्या पाकळ्यांचे, ज्वाळेसारखे वर उफाळणारे ते फूल म्हणजे आपली कळलावी! बंदुकीला कळलावी वाहण्याची कल्पना एखाद्या मराठी विनोदकाराला सुचली असती तर आपण तिला ओढूनताणून आणलेली कोटी म्हटले असते.

कोडवांच्या घरी मुलगा जन्मला की बंदुकीचा एक बार काढतात, घरात मृत्यू झाला की दोन. डोंगरउतारावर दूरदूर विखुरलेल्या घरांना एवढ्यावरून सर्व कळते. बंदूक हे तेथे हत्याराइतकेच निरोप धाडण्याचे साधन आहे. पुत्तरीच्या रात्रीही तिचे काम तेच. आम्ही वीस-पंचवीस माणसे दिवे घेऊन घराखालच्या भातखाचरात उतरलो. घरातील सर्वांत वडील पुरुषाच्या हातात एक जुनी, तोंडाने ठासावयाची बंदूक होती. तिच्यात नुसती दारू भरलेली होती, छरे नव्हते. मुहूर्ताची घटका भरत आली तरी ते बार काढीनात. माझ्या स्नेह्यांनी कानात सांगितले, "एक पोरगा कंदील घेऊन पलीकडच्या बांधावर गेला आहे, तो परत यावयाचा आहे." पोरगा आला. म्हाताऱ्याने कंदिलाच्या उजेडात सर्वांवरून एकदा नजर फिरविली. माणसे मोजली असावीत. मग दोन पावले पुढे जाऊन, नळी रिकाम्या दरीकडे उंच करून, त्यांनी एकच बार काढला. 'पोली पोली देवा' असा गजर झाला, पहिली लोंबी कापली गेली, आणि बंदूक लगेच एका जाणत्या मुलाच्या हाती घराकडे रवाना झाली. त्यानंतर रात्रभर गाणी, जेवण आणि नाच चालू होते. बंदूक पुन्हा दिसली नाही.

रात्र होती, जमीन खासगी होती, बंदुकीला परवाना नव्हता, आणि तरीही मला क्षणभरसुद्धा भय वाटले नाही. याउलट पुढे जी जागा मी पाहिली तेथे परवाना होता, नोंदी होत्या, मालकीची कागदपत्रे होती. भय मात्र जाता जात नव्हते.

ती जागा बंगळूरच्या दक्षिणेस, कनकपुऱ्याच्या रस्त्याला फुटून आत गेले की लागते. आमच्या कचेरीतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मेहुण्यांची ती दोन एकरांची शेती. शेती म्हणावयाची ती कागदोपत्री. प्रत्यक्षात नारळाची काही झाडे, एक टुमदार बंगली आणि चहूबाजूंनी कुंपण. मेहुणे सधन आणि अगत्यशील. त्यांच्याजवळ बारा बोअरची एक बंदूक आणि पॉइंट टू-टू बोअरची एक रायफल होती. दोन्ही परवान्याच्या, आणि दोनच; कारण २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीन बंदुकांऐवजी दोनच बाळगता येतात. शनिवारी रात्री मित्रमंडळी जमवावयाची, कुंपणाजवळच्या एका झाडाला दिवा टांगावयाचा, त्याखाली डबे आणि पत्र्याची तबकडी मांडावयाची आणि नेम धरावयाचा, असा त्यांचा छंद. दिवसा ऊन फार, आणि रात्री गंमत अधिक, असे ते म्हणत. मलाही बोलावणे आले. मी थोडा घुटमळलो तेव्हा ते म्हणाले, "अहो, तुम्ही सरकारी माणसे उगीच भिता. जमीन माझी, बंदूक माझी, परवाना माझ्या नावाचा. मी कुठे कुणाच्या वाटेत उभा राहून बार काढतो आहे?"

आपल्या जुन्या पिढीत नेमबाजीच्या जागेला चांदमारी म्हणत. लष्करी छावणी आली की तिच्या कडेला चांदमारीचे मैदान आलेच. शब्द मोठा गोड आहे. चांद म्हणजे निशाणाचे पांढरे वर्तुळ. पण चांदमारीत चांदाहून महत्त्वाची वस्तू असते ती त्याच्या मागचा मातीचा उंच ढिगारा. ज्याने छावणीजवळ बालपण काढले आहे त्याला ती टेकडी आठवेल. तिच्यातून शिशाचे तुकडे वेचणारी मुलेही आठवतील. निशाण कापडाचे असो की पुठ्ठ्याचे, ते गोळी अडवीत नाही. गोळी अडविते ती माती. मेहुण्यांच्या जागेत चांद होता, दिवा होता, ढिगारा नव्हता. निशाणामागे कुंपणाची जाळी, आणि तिच्यामागे काळोख.

त्यांचा युक्तिवाद मी घरी घेऊन आलो आणि, सवयीप्रमाणे, नियम काढून बसलो. बारनिशीत दहा-बारा वर्षे घालविलेल्या माणसाची ही खोड जात नाही. कायद्याच्या १३ व्या कलमात परवाना कशासाठी द्यावा हे सांगताना संरक्षण आणि खेळ यांसाठी वीस इंचांहून कमी नाही अशा नळीची बंदूक सांगितली आहे. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. आणि नेमबाजीच्या सरावाचा उल्लेख आला आहे तो मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या किंवा संघटनेच्या सभासदासंबंधाने. म्हणजे निशाणावर नेम धरावयाचा तर तो मंडळात, मैदानावर, देखरेखीखाली, हे कायदा लिहिणाराच्या मनातील चित्र आहे. २०१६ च्या नियमांतही अशा मंडळांची तरतूद निराळी केली आहे, आणि परवाना मागणाराने शस्त्राच्या सुरक्षित हाताळणीचे शिक्षण घेतले पाहिजे असे घातले आहे. सार्वजनिक जागी बार काढण्यास त्याच नियमांत स्पष्ट मनाई आहे. 'सार्वजनिक जागी' या दोन शब्दांवरच मेहुण्यांची सारी भिस्त होती. आमची जागा खासगी. तेव्हा मनाई नाही. तेव्हा परवानगी आहे.

हा तर्क कचेरीत रोज एकदा तरी ऐकू येतो. नियम जेथे गप्प आहे तेथे त्याने संमती दिली असे मानणारे अर्जदार आम्ही पुष्कळ पाहतो. पण येथे नियम गप्पसुद्धा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने २५ व्या कलमात नववे पोटकलम आले. लग्नसमारंभात, मिरवणुकीत आनंदाच्या भरात गोळ्या झाडणाऱ्यांसाठी ते आले म्हणून लोक त्याला तेवढ्यापुरतेच समजतात. परंतु त्याच वाक्यात दुसराही अर्धा भाग आहे. अविचाराने किंवा हयगयीने बंदूक चालवून दुसऱ्याच्या जिवाला अगर सुरक्षिततेला धोका पोहोचविणारालाही तीच शिक्षा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या अर्ध्या भागात जमीन कोणाची हे विचारलेले नाही. गोळी कोणाला लागली काय, हेही विचारलेले नाही. धोका पोहोचला की पुरे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे १२५ वे कलमही याच वळणाने जाते, आणि माणूस दगावलाच तर १०६ वे कलम आहेच. शिवाय आवाजाचा निराळाच हिशेब. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र, आणि वस्तीच्या भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. बंदुकीचा बार १४० च्या घरात जातो. रात्री खोकला आवरता न येणाऱ्या म्हाताऱ्याचीही ज्या गावात शेजारी तक्रार करतात, तेथे हे!

तथापि हे सारे कलमांचे. खरी अडचण गोळीची आहे, आणि ती कोणतेच कलम वाचीत नाही. पॉइंट टू-टू ही लहान रायफलींपैकी एक. क्लबांत होतकरू मुले जिच्यावर शिकतात ती. तिच्या काडतुसांच्या डबीवर पल्ला दीड मैल असल्याची सूचना छापलेली असते. दीड मैल म्हणजे सुमारे २४०० मीटर. मेहुण्यांची दोन एकर जमीन चौरस धरली तर तिची एक बाजू नव्वद मीटर भरते. म्हणजे तशा पंचवीस जमिनी एकापुढे एक मांडल्या तरी गोळी त्यांच्यापलीकडे जाऊ शकते. माणूस उभा राहून नळी अगदी सपाट धरून बार काढील तर गोळी जमिनीला टेकावयास अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात ती दीडशे मीटर गेलेली असते, आणि खडकाळ जमिनीला घासून पुन्हा उसळते ते वेगळेच. नळी किंचित वर झाली की पुढचे काही विचारू नये. आपण वर्षातून एकदा, दसऱ्याला, सीमोल्लंघन करतो. सोने वाटतो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. गोळी प्रत्येक बाराला सीमोल्लंघन करते, आणि काय वाटून येते हे तिला ठाऊक नसते. जमिनीच्या मालकीचा पुरावा म्हणून इकडे 'पहाणी'चा उतारा असतो, आपल्या सातबाऱ्याचा तो भाऊ. त्यावर सर्व्हे नंबर असतो, आकार असतो, चतुःसीमा तलाठ्याला ठाऊक असतात. त्या चतुःसीमांच्या आत राहण्याचे बंधन माणसावर घालता येते, बैलावर घालता येते. गोळीला दावे नाही.

दिवसा हे निदान दिसते. नेम धरणारा निशाण पाहतो आणि त्यामागे काय आहे तेही पाहतो. रात्री झाडाला दिवा टांगला की निशाण पूर्वीपेक्षा अधिक लखलखीत दिसते, आणि याच लखलखाटाने मागचा काळोख दुप्पट दाट होतो. काळोखाला सरावण्यास डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात; नळीतून निघालेल्या एका ठिणगीने ती सारी कमाई जाते. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण माणसांच्या बाबतीत वापरतो. येथे अंधार दिव्यामागे असतो, आणि सगळे नेमके त्याच दिशेला तोंड करून उभे असतात.

काळोखात नेम साधणारे दोन धनुर्धर आपल्या पुराणांनी आपल्याला दिले आहेत. महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाचार्य आचाऱ्याला बजावून ठेवतात की, अर्जुनाला अंधारात जेवावयास वाढू नकोस. एके रात्री जेवताना वाऱ्याने दिवा विझतो, आणि हात मात्र बिनचूक तोंडाकडे जातो. हे ध्यानात येताच तो मुलगा रात्री बाणांचा सराव करू लागतो. धनुष्याच्या दोरीचा टणत्कार ऐकून द्रोण उठून बाहेर येतात आणि त्याला मिठी मारतात. या गोष्टीत आपल्याला अर्जुनाची जिद्द शिकविली जाते. ते ठीकच आहे. मला अलीकडे तिच्यातली दुसरी गोष्ट अधिक आवडू लागली आहे. त्या रात्री त्या जागेची जबाबदारी असलेला एक माणूस एवढ्याशा आवाजाने जागा झाला, आणि काय चालले आहे ते पाहावयास स्वतः बाहेर आला. दुसरा धनुर्धर राजा दशरथ. पावसाळ्याची रात्र, शरयूचा काठ, आणि घागर बुडण्याचा बुडबुड आवाज. राजाला तो हत्तीच्या पाणी पिण्याचा वाटला. शब्दवेधी बाण आवाजावर अचूक जाऊन लागला. नेम चुकला नाही, हेच त्या कथेतील भयंकर आहे. आणि जमिनीचेच म्हणाल तर सारे राज्य त्याचेच होते. परवाना मागणारा कोणी वर नव्हता. तेथे पाण्याला येणारे कोणी असेल एवढी एकच गोष्ट त्याला दिसत नव्हती. आजही कोडगूतून, मलनाडातून, कोकणातूनही, रात्री रानडुकरामागे गेलेल्याने आपल्याच सोबत्यावर गोळी झाडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि त्या वाचताना शरयूचा तोच काठ डोळ्यांपुढे येतो.

मेहुण्यांना मी रात्री येत नाही, दिवसा येतो, असे कळविले. एका रविवारी सकाळी गेलो. उपमा-कॉफी झाल्यावर निशाण टांगतात त्या झाडापाशी उभा राहिलो आणि मग कुंपणाचे लहान फाटक उघडून त्या दिशेने सरळ चालू लागलो. पावले मोजीत होतो. पहिल्या शंभर पावलांत पडीक रान, निलगिरीची काही झाडे. दोनशेच्या आत एक नवी मुरमाची वाट लागली. ती ओलांडली आणि समोर निळ्या ताडपत्रीची आणि पत्र्याची चौदा खोपटी दिसली. बंगळूरच्या कडेकडेने राहणाऱ्याला ही खोपटी नवी नाहीत. जेथे इमारत उठावयाची असते तेथे आधी ती उगवतात, आणि इमारत पुरी झाली की एका रात्रीत नाहीशी होतात. माणसे रायचूर-कलबुर्गीकडची होती. बायका चुली पेटवीत होत्या, एक मुलगी वाळूच्या ढिगावर धाकट्या भावाला घेऊन बसली होती. मुकादमाला मी मोडक्या कन्नडात विचारले, रात्री इकडे बार ऐकू येतात काय? तो म्हणाला, "येतात. शनिवारी. डुकरे हाकलावयाला फटाके लावतात म्हणे." खोपटी सहा महिन्यांपूर्वीची होती. त्यांत वीज नव्हती. रात्री नऊच्या पुढे तेथे दिवा नसे, म्हणून बंगलीवरून तो काळोख निव्वळ रान वाटे.

या शहराच्या बाबतीत हीच तर गोष्ट आहे. गावाकडच्या शेतात मागे डोंगर असेल तर तो आपल्या आजोबांच्या वेळीही तेथे होता. बंगळूरच्या हद्दीवरील जमिनीला कालची ओळख आज पुरत नाही. पुत्तरीच्या म्हाताऱ्याला आपल्या दरीतील प्रत्येक बांध ठाऊक होता, तरी त्याने माणसे मोजली. येथे मालक वर्षभरात एकदाही कुंपणाबाहेर गेलेला नव्हता.

मी परत येऊन मेहुण्यांना सांगितले. ते थोडे गंभीर झाले; मग म्हणाले, "अहो, पण ती माणसे रात्री झोपलेली असतात. जमिनीवर आडवी. गोळी वरून जाईल." हे वाक्य त्यांनी क्रूरपणे उच्चारले नाही. हिशेब मांडावा तसे उच्चारले. मला मात्र त्या वाक्यानंतर दुसरा पेला कॉफी घेववली नाही. ढिगारा घाला, दिशा बदला, दिवसा करा, नाहीतर क्लबाचे सभासद व्हा, असे मी एकेक सुचविले. राज्याची रायफल संघटना बंगळुरातच आहे. नेमबाजीची आवड ही काही हिणविण्याची गोष्ट नव्हे. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटरांच्या प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पदक मिळाले तेव्हा रेल्वेच्या नोकरीत तिकिटे तपासणारा होता, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच केंद्राचा नोकर. त्याने २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले. त्यांचा खेळ सगळा मोजलेल्या अंतरावर, अडविलेल्या भिंतीपुढे आणि कोणाच्या तरी हुकुमाच्या तालावर चालतो. मेहुणे म्हणाले, "क्लबात मजा नाही."

त्यानंतरच्या शनिवारीही बार झाले असे मुकादमाने सांगितले, तेव्हा मी एक अर्ज लिहिला. अर्ज लिहिणे हा माझा धंदाच आहे. तो एक पानी, मुद्देसूद आणि कलमांच्या उल्लेखासह झाला. ठाण्यावरील अंमलदार सभ्य होते. त्यांनी अर्ज सबंध वाचला.

"कुणाला लागली काय?" त्यांनी विचारले.

"नाही."

"कुणी जखमी?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला माझ्याजवळ पोटकलम नऊ होते. ते मी दाखविले. त्यांनी मान हलविली, पोच दिली, आणि मागाहून एक शिपाई बंगलीवर जाऊन आल्याचे कळले. दोन महिने काही झाले नाही. माझ्या सहकाऱ्यांनी दुपारच्या चहाला माझ्या टेबलाशी येणे बंद केले. पंधरा वर्षांच्या नोकरीत मिळालेला एक चांगला स्नेही मी गमावला, आणि कचेरीत 'मेहुण्यांवर अर्ज करणारा' म्हणून माझी ओळख झाली. तिसऱ्या महिन्यात बार पुन्हा सुरू झाले, पण थोडे लवकर, आठाच्या सुमारास, असे मुकादम म्हणाला. त्या वेळी खोपट्यांत चुली पेटलेल्या असत. माणसे जागी असत, उभी असत. मी दुसरा अर्ज केला. मुकादमाने आपण होऊन चार खोपटी उचलून वाळूच्या ढिगामागे नेली.

गेल्या पावसाळ्यानंतर मी तिकडे गेलो नव्हतो. परवा एका कामासाठी त्या रस्त्याने जाणे झाले. खोपटी नाहीत. त्या जागी चार मजली इमारत पुरी झाली आहे. गच्च्यांवर तुळशीच्या कुंड्या, वाळत घातलेले कपडे, आणि बंगलीच्या बाजूला तोंड करून सोळा खिडक्या. दाराशी बसलेल्या रखवालदाराला मी सहज विचारले की, इकडे रात्री बंदुकीचे आवाज येतात का. तो म्हणाला, "पहिल्याच आठवड्यात आला होता. वरच्या मजल्यावरचे साहेब लगेच फोनवर बोलले, पोलीस गाडी घेऊन आले. नंतर नाही."